टोपीखालचं नाक

मी एक स्मोक अलार्म आहे. आमच्या कुळात बोलण्याची रीत नाही, ओरडण्याची आहे. पण माझी बरीच वर्षं एका दुकानात गेली, आणि दुकानात राहून ज्याला बोलता आलं नाही त्याला कुठेच येणार नाही.

जन्माबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कारखान्यातल्या पट्ट्यावरून माझ्यासारखेच अनेक जण पुढे सरकत होते. मला डोळे दिले नाहीत, हातपाय दिले नाहीत. एक नाक दिलं, एक गळा दिला आणि पोटात एक बॅटरी. धूर नाकात गेला की गळा काढायचा. एवढंच शिक्षण, आणि तेवढं पुरेसं आहे.

विजेच्या सामानाच्या एका दुकानात मी आलो. बाकीचे भाऊ खोक्यांत राहिले, मला मालकाने नमुना म्हणून गल्ल्याच्या वर लावलं. मालक मोठा बोलका. गिऱ्हाईक बल्ब घ्यायला आलं तरी त्याला आधी पाणी विचारायचा, मग घर केवढं, माणसं किती, सगळं काढून घ्यायचा. शेवटी माझ्याकडे बोट दाखवायचा.

"हा चालतो कशावरून?" गिऱ्हाईक विचारायचं.

मालक खिशातून आगपेटी काढायचा, काडी ओढून विझवायचा आणि तिचा धूर माझ्याखाली धरायचा. मी अशी बोंब ठोकायचो की गिऱ्हाईक दोन पावलं मागे जायचं. मालक हसत म्हणायचा, "बटण दाबून कुणीही आवाज काढून दाखवेल, साहेब. मी धूर दाखवून विकतो."

पुढे नवा माल आला आणि माझी जागा दुसऱ्या नमुन्याला मिळाली. मालकाने मला घरी नेलं. खरं तर मला लावायचं झोपायच्या खोलीबाहेरच्या बोळात. गिऱ्हाइकांना तो स्वतः तसंच सांगायचा. पण बोळाच्या छताला भोकं पाडायची होती, आणि स्वयंपाकघरात शेगडीच्या वर जुन्या दिव्याची भोकं तयार होती. मी तिथे बसलो.

पहिल्याच दिवशी मालकीणबाईंनी कांदा परतायला घेतला आणि मी घर डोक्यावर घेतलं.

"अहो, तुमचा हा पाहुणा फारच नाकाने कांदे सोलतो," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी ठेवली नसतील एवढी नावं ठेवतोय माझ्या हाताला."

"अगं, काम करतोय म्हणून ओरडतोय."

"मग मीही काम करतेय. त्याला सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आंघोळीच्या वेळी केसांना घालायची प्लॅस्टिकची टोपी आणली, स्टुलावर चढल्या आणि ती माझ्या डोक्यावर चढवली. स्वयंपाक झाला की काढायची, असं ठरलं. आरंभी निघायचीही. पुढे संध्याकाळचा स्वयंपाक आहेच म्हणून दुपारी राहायची, आणि सकाळी चहा आहेच म्हणून संध्याकाळी. कुणाचा गुडघा रोज स्टुलावर चढायला मोकळा असतो?

मालकाची मात्र एक शिस्त होती. दर रविवारी झाडूच्या दांड्याने माझं बटण दाबायचा. टोपीवरूनच. मी टूं करायचो. "ठणठणीत आहे," तो म्हणायचा आणि पेपर उघडायचा. बटण दाबलं की बॅटरी आणि गळा तपासला जातो. नाकाची चौकशी कोणी करत नाही. मला सांगायचं होतं, पण टूंच्या पलीकडे माझी भाषा जात नव्हती.

मग ती दुपार आली. मालकीणबाईंना सर्दीने बेजार केलं होतं. वाफ घ्यायची म्हणून त्यांनी शेगडीवर प्लॅस्टिकचा दांडा असलेल्या पातेल्यात पाणी ठेवलं. वाफेनेही मी ओरडतो, म्हणून टोपी नीट बसली आहे ना हे खालून बघून घेतलं. सर्दीची गोळी घेतली होती. पाणी उकळेपर्यंत जरा पाठ टेकावी म्हणून आत गेल्या आणि त्यांचा डोळा लागला.

पाणी आटलं. पातेलं तापलं, त्याचा दांडा वितळला, शेजारचं फडकं पेटलं. घरात जळका वास ओळखणारी दोनच नाकं होती. एक सर्दीने चोंदलेलं, दुसरं टोपीत कोंडलेलं. धूर माझ्या अंगावरून वाहत होता आणि माझ्या नाकाशी त्या टोपीतली जुनी हवा होती. मालक दुकानात होता, कदाचित कुणासमोर काडी ओढत होता.

मला वाचवलं ते आगीनेच. उष्णता वर चढली, टोपी आकसली, वितळत माझ्या अंगाला चिकटली आणि एका कडेला फट पडली. फटीतून धूर आत आला. मी गळा काढला तो असा, की आजही आठवलं तरी बॅटरी कापते.

बाई खोकत उठल्या. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. शेगडीपर्यंत हात पोचणार नव्हता. पाणी ओतायला त्या धावल्या नाहीत, काही वाचवायला आत शिरल्या नाहीत. दार ओढून घेतलं, जिन्यात गेल्या आणि तिथून हाका मारल्या. खालचा गॅरेजवाला आग विझवायचा लाल सिलेंडर घेऊन वर धावला. त्याने फडकं, ओटा आणि मला एकदमच पांढरं करून टाकलं, आणि गॅस बंद केला.

मालक धापा टाकत आला. बायको जिन्याच्या पायरीवर बसलेली दिसली तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"दर रविवारी बटण दाबत होतो गं मी," तो म्हणाला.

"दाबत होता. पण धुराला बोटं असतात का?" बाई नाक पुसत म्हणाल्या. "टोपी माझी होती, ते मी मान्य करते. पण दुकानात काडी ओढता आणि घरात बटण दाबता. परक्याला खात्री पटवायची असते, आपल्याला नाही, असंच ना?"

त्याने छताला भोकं पाडायचं यंत्र मागवलं.

आता त्या घरात बोळाच्या छतावर माझा धाकटा भाऊ आहे. शेगडीपासून लांब असल्यामुळे तो कांद्याला नावं ठेवत नाही. आंघोळीची टोपी न्हाणीघरात खुंटीवर असते.

आणि मी परत दुकानात, गल्ल्यावर. वितळलेली टोपी माझ्या नाकाच्या सगळ्या जाळीवर थिजली आहे, ती फटसुद्धा बुजली. मालक मला गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि ते काय करतं ते बघतो. तुमच्या छतावर माझा एखादा नातेवाईक असेल तर त्याच्याकडे एकदा मान वर करून बघा. त्याच्या नाकावर धूळ, रंग, चिकटपट्टी, काही बसलंय का बघा. मग बटण दाबा.

काल एका गिऱ्हाइकाने मला उलटंपालटं केलं आणि बटण दाबलं. मी खणखणीत टूं केलं.

"हा तर चालतो की," तो म्हणाला.

"नाही," मालक म्हणाला. "नुसता ओरडतो."