अभनपूरचा श्वास

"हाडाचा डॉक्टर आयकला, डोयाचा आयकला. हा गाडीचा डॉक्टर कुठून निंघाला माय?" अंजनाबाई सुनेला म्हणायच्या, पण मुलाच्या कानावर जाईल अशा बेतानं.

यशदीप हसायचा. "आई, पहिले ॲम्ब्युलन्स माणसाले नुसती उचलून आणे. आता दवाखानाच त्याच्या घरी जाऊन राहिला. मंग डॉक्टर नको का संगं? गाडीत नाही, तर फोनवर तरी." आपत्कालीन वैद्यकशास्त्रात एमडी झाल्यावर याच कामासाठी तो आणखी दोन वर्षं शिकून आला होता. तो गेला तेव्हा या शाखेत जायला कोणी तयार नसे. आता मागून येणारी पोरं त्याला फोन करून विचारत, सर, जागा किती आहेत.

मोनालीला त्याचा अभिमान होता. भीती होती ती फोनची.

नव्या रायपुरातला त्यांचा फ्लॅट उंचावर. खाली एवढा रुंद रस्ता, पण त्यावरून बस जायची ती कधीतरी. घरात इतकी शांतता की फ्रिज बंद झालेला कळायचा. त्या शांततेत यशदीपचा फोन स्पीकरवर जेवणाच्या टेबलावर पडलेला असे आणि कोणत्या तरी गावातून ॲम्ब्युलन्सवरचा दयाराम बोलत असे.

त्या दुपारी तो अभनपूरहून बोलत होता. "हव सर, साँस चल रही है."

"फोन मुँह के पास ला."

आणि तो आवाज घरात आला. घर्र. मग इतका वेळ काहीच नाही की मोनालीच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग पुन्हा घर्र.

"दयाराम, वो साँस नहीं है. छाती दबाना शुरू कर."

हृदय थांबल्यावरही शरीर थोडा वेळ हवा ओढतं, दिसायला श्वास, पण श्वास नव्हे, असं त्यानं तिला एकदा समजावलं होतं. समजलं ते वाईटच झालं. त्यानंतर ती सम्यकच्या छातीवर दिवसातून कितीदा तरी हात ठेवून पाहायची. दहा महिन्यांचं पोर झोपेत वैतागायचं.

"परायाचा जीव घरात काहून आणून राहिला रे?" अंजनाबाई म्हणाल्या, आणि फुटाण्यांची वाटी पलंगाखाली सरकवून शेजारणीसोबत कापड घ्यायला पंडरीच्या बाजारात निघून गेल्या.

अभनपूरचा माणूस गेला. यशदीपनं फोन खिशात टाकला. दयाराम आणि त्याच्या सोबत्याशी समोरासमोर बोलायला हवं म्हणून तो गाडी काढून निघाला.

मोनाली भांडी घासत होती. नळ बंद केला, आणि ऐकू आलं. घर्र.

फोन राहिला वाटतं, म्हणून ती टेबलापाशी आली. टेबल रिकामं होतं. आवाज झोपायच्या खोलीतून येत होता. थांबत होता, पुन्हा येत होता. तोच.

दार अर्धवट उघडं होतं. ती उंबऱ्याशी आली आणि तिचे पायच उचलेनात. अभनपूरचा तो माणूस इथे आलाय, तिच्या मनात आलं, तिकडचं संपलं आणि उरलेला श्वास ओढायला तो इथे आलाय. कॉलेजात शिकलेली बाई, पण अंगावर काटा आला तो खालीच बसेना. ती उभी राहिली. किती वेळ, ते तिला पुढेही सांगता आलं नाही.

मग यशदीपचा आवाज आठवला. वो साँस नहीं है.

तिनं दार ढकललं. सम्यक फरशीवर बसला होता, दाराकडे तोंड करून. ओठ निळे. वाटी उलटी पडलेली. रडायला तोंड उघडलेलं, पण रडणं नाही, फक्त तो आवाज.

तिनं त्याला उचलून यशदीपला फोन लावला. "पोराचा श्वास अडकला," एवढंच तिच्या तोंडून निघालं. पलीकडून उत्तर आलं ते सरकारी दप्तरासारखं सपाट. "दीदी, घबराइए मत. फोन बच्चे के मुँह के पास लाइए."

"यश, मी आहे."

"हाँ दीदी. बच्चे को हाथ पर उल्टा लीजिए, सिर नीचे. पीठ पर थपकी, जोर से. और जोर से."

फुटाणा फरशीवर पडला. सम्यक ओरडला, आणि त्या रित्या इमारतीत ते ओरडणं जिन्यापर्यंत गेलं.

दवाखान्यात तपासून आणल्यावर संध्याकाळी तिनं विचारलं, "तुम्ही मले ओळखलंच नव्हतं का?"

"ओळखलं होतं," तो म्हणाला. "नावानं बोललो असतो तर पुढचं सुचलं नसतं." अंजनाबाई आतल्या खोलीत एकेक फुटाणा शोधून वेचत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. त्यानं मोनालीकडे पाहिलं आणि तो टेबलावर ठेवला. पुन्हा दयाराम, पुन्हा दुसरंच गाव. घर्र.

सम्यक खेळायचा थांबला. तिला वाटलं, फोनकडे पाहील. त्यानं मान वळवली ती झोपायच्या खोलीच्या उंबऱ्याकडे, आणि आवाज संपेपर्यंत तिकडेच बघत राहिला. तिथे कोणी नव्हतं.

दुपारी तिथे कोण उभं होतं, ते घरात फक्त तिला आणि सम्यकला माहीत होतं.