चार फेऱ्यांचं पेट्रोल

टिचक्या मारू नका, मित्रांनो! ही माझी काच आहे, तबला नव्हे. आणि किती वाजले तेही मला विचारू नका. मी घड्याळ नाही. मी डाकोटा विमानाचा जुना पेट्रोलकाटा आहे. विमान मोडीत निघालं आणि मी पनवेलच्या बाजारात आलो. आता बळीरामशेटच्या मिठाच्या पेढीत भिंतीवर टांगलेला असतो.

सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात, लढाईच्या धामधुमीत माझा जन्म झाला. विमानाच्या टाकीत एक गोळा तरंगत असे. पेट्रोल उतरलं की तो उतरे आणि तो उतरला की मी उतरे. अट एकच, विमान सरळ हवं. ते हिंदकळलं की टाकीतलं पेट्रोल हिंदकळे, गोळा फुगडी घाले आणि मी फुकटचा खोटा पडे.

लढाई सरली. शिपायांच्या जागी उतारू आले. टाकी भरलेली असली की माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. ती रिकामी होऊ लागली की मात्र सगळे माझ्यावर डाफरत. पेट्रोल पिणार इंजिनं आणि टिचक्या खाणार मी! काचेवर वाजवलं की टाकी भरते, अशीच या वैमानिकांची समजूत असावी.

छप्पन्न साली थंडी सरताना आम्ही नागपूरहून मुंबईला निघालो होतो. आमचे कॅप्टन दीनानाथ, माणूस गुणी, पण मानी. विमानात पनवेलजवळच्या कोन गावचे बळीरामशेट होते. आई हौसाबाईला आणि शेजारपाजारच्या बायकांना काशी घडवून ते परत आणत होते. साऱ्यांच्या मांडीवर गंगाजळाचे तांबे होते.

वाटभर वारा समोरून आला आणि त्यानं आमचं पेट्रोल खाल्लं. पनवेलवर पोचतो तर निरोप आला की मुंबईच्या धावपट्टीवर एका विमानाचं चाक फुटलं आहे, वरच थांबा. आकाशात थांबायचं म्हणजे घिरट्या घालायच्या. आम्ही उजवीकडे वळत फिरू लागलो. खाली खाडी चमकत होती, मिठागरं आरशांसारखी मांडून ठेवली होती आणि आमच्या घिरट्यांच्या मधोमध कोनच्या गावदेवीचं देऊळ होतं.

दुसऱ्या फेरीला रेडिओवर विचारणा झाली, "किती थांबू शकाल?"

"थांबू, थांबू," कॅप्टन म्हणाले आणि मला टिचकी मारली.

अहो, खरं सांगा ना! मी काचेआडून कळवळत होतो. पण 'माझं सरत आलंय' म्हणायला माणसाची जीभ अशी जड का होते, देव जाणे. पट्टी मोकळी झाली, तरी आमच्या आधी दोन विमानं रांगेत होती. कॅप्टन तेव्हाही गप्पच.

तेवढ्यात विमान उजव्या अंगाला कलू लागलं. साऱ्या बायका जागा सोडून उजव्या खिडक्यांशी गोळा झाल्या होत्या. मधोमध हौसाबाई हात जोडून गात होत्या,

"चवथी माझी फेरी गो, खाडीच्या पान्यावरी,
गावदेवी माझी आय, नदर ठेव लेकरावरी."

हवाईसुंदरी शांती काकुळतीला आली. "आजी, बसा हो. पट्टा लावा."

"बसतंय गो बाय. पाचवी होऊंदे. काशीशून आल्यावर देवीला पाच फेऱ्या मारल्याबिगर आमी उंबरा वलांडत नाय."

"आये, हे देवलाचा आंगन नाय, इमान हाय!" बळीरामशेट ओरडले.

"मंग? देवी उजव्या हाताला हाय ना? तुला फुकट फेरी मिलते, तर तुज्या पोटात का दुखतंय?"

कॅप्टन विमान सावरत होते, बायका पुन्हा कलंडवत होत्या. माझा गोळा टाकीत आपटत होता. मी वर जाई, खाली जाई. घाट ओलांडून पुण्याला जाता येईल की नाही, हे कॅप्टनना त्याच घडीला ठरवायचं होतं आणि नेमका तेव्हाच मी बावळटासारखा थरथरत होतो!

शेवटी विमान सहवैमानिकाच्या हाती देऊन कॅप्टन मागे गेले. "आजी, पेट्रोल संपत आलंय," ते म्हणाले. "पाचवी फेरी घेतली तर उतरायला उरेल का, मला ठाऊक नाही. तुम्ही बसल्याशिवाय ते कळायचंही नाही."

हौसाबाई कडाडल्या, "मंग ह्या चार फेऱ्यांच्या आदी सांगायचा ना रं बाबा! आमाला वाटला, तू आमच्यासाठीच फिरवतंस. मी तर तुज्यासाठी परसादाचा नारल काढून ठेवला! तोंड उघडला असता तर आमी उबं तरी रायलो असतो का?"

कॅप्टनचा चेहरा पडला. 

"बसा गो साऱ्या!" हौसाबाईंनी हुकूम सोडला. "उरलेली फेरी पायानं घालू. पाय हायेत आपल्याला."

बायका बसल्या. विमान सरळ झालं. गोळा थांबला, मी थांबलो आणि जे खरं होतं ते दाखवलं. पुणं आता आवाक्याबाहेर होतं. मुंबई होती, पण सरळ गेलो तरच.

कॅप्टननी एकदाच पाहिलं. टिचकी मारली नाही. रेडिओ उचलून म्हणाले, "माझं पेट्रोल संपत आलंय. मला आधी उतरू द्या."

एवढंच! वाद नाही, हसणं नाही. पुढची दोन विमानं मुकाट बाजूला झाली आणि आम्हाला वाट मिळाली. उतरून विमान उभं राहिलं, तेव्हा मी सर्वांत खालच्या रेघेला टेकलो होतो.

मित्रांनो, दिव्यातलं तेल असो, अंगातलं बळ असो, सरत आलं की वेळेवर सांगा. लोक वाट देतात हो, त्यांना कळलं तर. मी जन्मभर दाखवत आलो, पण मला बोलता येत नाही. तोंड देवानं तुम्हाला दिलंय.