उडदाची घरं

भामा पाळण्यात निजली की दुपारी तेवढाच वेळ माझा. सारवलेल्या जमिनीवर काडीनं सात ओळींत एकोणपन्नास घरं आखली, प्रत्येकात ज्वारीचा दाणा ठेवला. ज्वारी म्हणजे तलवाड्याच्या गायरानातलं गवत. कोपऱ्यातला एक दाणा उचलून तिथं काळा उडीद ठेवला. तो फड्या निवडुंग. आजेसासऱ्यांनी छावणीतून एकच पान आणलं होतं म्हणे.

नेम असा धरला : एका पावसाळ्यात प्रत्येक उडदानं आणखी एक घर घ्यायचं, जवळचं नाहीतर त्याच्या पुढचं. एकाचे दोन, दोनाचे चार. चौथ्या पावसाळ्याला सोळा, म्हणजे गवत अजून त्याच्या दुप्पट. सहाव्याला पांढरा दाणा नाही.

"गायरान किती गेलं?" मी ह्यांना विचारलं.

"तिसरा हिस्सा. लई राहिलंय अजून."

 तिसरा हिस्सा म्हणजे सोळा घरं. दोनच पावसाळे. माझं दूध आटलंय. भामा कपिला गाईच्या दुधावर, आन् कपिला त्या गवतावर.

परसात तुटून पडलेल्या पानाला मुळं फुटलेली मी पाहिली होती. म्हटलं, "मामंजींना सांगा, निवडुंग तोडा आन् तोडलेलं पान न् पान जाळा."

"उडदाचं वरण कर," हे हसले, "पंचांग कावून मांडतीस?" पण सांगितलं.

गायरान पाहायला सरकारातून तालुकदारसाहेबांचा दौरा यायचा होता. मामंजी गावचे पाटील. त्यांनी सगळा गाव कोयते घेऊन गायरानात उतरवला. ओसरीवर ह्यांच्याशी चाललेलं त्यांचं बोलणं मला आत ऐकू आलं.

"जाळायचं? एवढा काटा फुकट? काय बे त्रिंबक, बाभळीची काटी आपण जाळतो का बांधाला लावतो? तसंच हे!"

आठ दिवसांत गायरान साफ झालं, आन् त्याच्या चारी बाजूंच्या बांधांवर, गोठ्यांच्या कडेला निवडुंगाची कूपणं उभी राहिली. साहेब खूश होऊन गेले.

बाभळीची काटी वाळते. हे वाळेना.

महिन्यानं भामाला कडेवर घेऊन गोठ्याकडं गेले. कूपणातलं एक पान काठीनं उचकटायला गेले, निघेना. खाली पांढरी मुळं मातीत शिरलेली. वर कोवळा कोंब, भामाच्या कानाच्या पाळीएवढा. पोरीनं हसून हात पुढं केला. मी तिची मूठ माझ्या मुठीत धरून ठेवली.

दुपारी तिला मांडीवर घेऊनच दाणे मांडले. आता उडीद एका कोपऱ्यात नव्हता, कडेच्या चोवीस घरांत होता. एकच पावसाळा खेळले. चोविसाचे अठ्ठेचाळीस. मधोमध पांढरा एकच दाणा उरला.

भामानं वाकून तोच उचलला आणि तोंडात घातला.