लंघन

पोट बिघडलं की शांताबाईंच्या घरात एकच कायदा: लंघन. भाताची पातळ पेज, चिमूटभर मीठ, बाकी सगळं बंद. गुढियारी वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत सासूचा शब्द मोडायची कुसुमची काय टाप!

आता तिला पुन्हा जुलाब लागले होते. नवरा श्रीपाद असाच जुलाबापासून सुरू होऊन वाळत वाळत गेला. घरी सांगितलं, कावीळ. होता एचआयव्ही, आणि तो कुसुमच्याही रक्तात होता. गोळ्यांची पांढरी डबी ती शिवणाच्या पिशवीत लपवायची. सासूला कळलं तर आधी ताट वेगळं होईल, मग अंथरूण, मग घरच सुटेल.

दवाखान्यातली डॉक्टरीण चिडलीच. "दीदी, शरीर के ज़्यादातर सिपाही आँतों में रहते हैं. ये बीमारी पहले उन्हीं को मारती है, और आप उन्हें भूखा रख रही हैं? अंडा खाइए, पानी उबालकर पीजिए."

तुळशीमाळ घातलेल्या सासूच्या घरात अंडं! कुसुम गोल बाजारात ब्लाउज शिवायची. दुकानामागच्या ठेल्यावर ती उकडलेलं अंडं चोरासारखी गिळू लागली. गल्लीतलं कुणी बघेल म्हणून टरफलं कागदात गुंडाळून पिशवीत टाकायची. एकदा ती फेकायचीच राहिली.

शांताबाईंनी सुईसाठी पिशवीत हात घातला आणि टरफलं हाती आली. डबी त्याखालीच होती.

"काय होय हे?"

"अंडं खाल्लं, आई. चटक लागली मले." हात आणखी खाली जाऊ नये म्हणून तिनं भडाभडा कबूल केलं.

सासूनं हात पिशवीबाहेर काढला. संध्याकाळी मोरीजवळ एक जुनं पातेलं चुलीवर चढलं, आणि शेजारी वेगळं ताट मांडलेलं. ज्याला ती इतकी भ्यायली, ते ताट शेवटी आलंच.

शांताबाईंनी नाकाला पदर लावून दोन अंडी सोलली.

"श्रीपाद भूक लागली म्हणे. मी त्याले पेजच देल्ली. तू खा, पोरी."

मग त्याच ताटाशेजारी बसल्या आणि पदराआडून पांढरी डबी काढून त्यांनी अंड्यांजवळ ठेवली.

"त्याच्या उशाखाली बी अशीच होती. भेवानं मी विचारलं नाही. आता विचारून राहिली."