जवळ काय दिसतंय?

ताईने समोरचा पाण्याचा पेला बाजूला सरकवला आणि विचारलं,

"चूक माझी म्हणताय, तर मी नेमकं काय करायला हवं होतं तेही सांगा."

लांबलचक टेबलापलीकडे संचालक बसले होते, त्यांच्या शेजारी मॅनेजर. पार टोकाला, दाराजवळच्या खुर्चीत, सिस्टिम अ‍ॅनालिस्ट.

"पत्ता नीट तपासायला हवा होता," संचालक म्हणाले. "एवढंच तर काम आहे."

एवढंच! ताईची कानशिलं तापली. अ‍ॅम्ब्युलन्सच्या नियंत्रण कक्षात ती कित्येक वर्षं फोन घेत होती. शहरात टेकडी रस्ते दोन. एक जुन्या गावात, दुसरा नदीपलीकडच्या वसाहतीत. म्हणून पत्ता सांगून झाला की ती प्रत्येकाला विचारायची, "जवळ काय दिसतंय?" घाबरलेला माणूस स्वतःच्या घराचा नंबर विसरतो, समोरचं दुकान विसरत नाही. मग नवी संगणक प्रणाली आली. पहिली दोन-चार अक्षरं टाकली की रस्त्याचं नाव आपोआप भरलं जायचं, बटण दाबलं की गाडी निघायची आणि फोन तिथेच तुटून पुढचा यायचा. विचारायला फटच उरली नाही. गेल्या आठवड्यात एका बाईचा नवरा घरात कोसळला. ती वसाहतीतून फोनवर रडत होती आणि गाडी गेली जुन्या गावात. माणूस वाचला, पण त्याची वाचा गेली.

ताईने अ‍ॅनालिस्टकडे पाहिलं. तो नखं न्याहाळत होता.

"उद्यापासून तुम्ही भांडारात," संचालक म्हणाले. "फोनवर नको."

अ‍ॅनालिस्ट तिशीचाही नव्हता, पण कक्षात सगळे त्याला काका म्हणत. कारण कुणी काहीही केलं की तो विचारायचा, "का?" आणि उत्तर मिळालं की पुन्हा, "का?" प्रणाली यायच्या आधी तो कितीतरी दिवस ताईच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता.

"तुमचं काम म्हणजे नेमकं काय हो? प्रोग्रॅम लिहिता?" तिने एकदा विचारलं होतं.

"छे, ते लिहिणारे वेगळे. माणसं काम कशी करतात, कुठे अडतात, ते मी आधी बघतो. मग मशीनने काय करायचं ते लिहिणाऱ्यांना समजावतो. मधला माणूस. दोन्हीकडून बोलणी खाणारा."

ताईला ते काम मनापासून आवडलं. घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन हे मधल्या माणसाचं काम शिकणार. तो हसून म्हणाला होता, "घरात दुसरं काय करतेस? फक्त इथे पगार नाही."

आता बैठकीतून बाहेर पडताना तिला त्या आवडीचीच चीड आली. जिन्यावर मागून काका धावत आला.

"ताई, थांबा. मी साहेबांना सांगितलं होतं. जवळची खूण विचारल्याशिवाय गाडी सोडू नका म्हणून सांगितलं होतं. फोन लांबतात म्हणून त्यांनी ते काढायला लावलं."

"आणि आज?"

"आज मला कुणी विचारलं नाही."

"विचारलं नाही!" तिचा आवाज जिनाभर घुमला. "त्या रडणाऱ्या बाईने तरी मला कुठे सांगितलं होतं की रस्ते दोन आहेत? विचारणं आपलं काम होतं ना? दिवसभर माझ्या शेजारी बसून का, का करत होतात, आणि तिथे तोंडात मिठाची गुळणी?"

काकाचा चेहरा पांढरा पडला. तो वळला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

ताई कक्षात येऊन आपला खण रिकामा करू लागली. डबा, स्वेटर, चष्म्याचं घर. तेवढ्यात दार उघडलं आणि काका आत आला. मागे वैतागलेले संचालक, त्यांच्या मागे मॅनेजर.

"पाच मिनिटं, साहेब. हा सरावाचा संगणक आहे. खरी गाडी निघणार नाही. एक फोन घ्या फक्त."

संचालकांनी हेडफोन कानाला लावला. काका बाहेर गेला. घंटी वाजली, आणि स्पीकरवर त्याचा आवाज आला, पण ओळखू न येणारा, धाप लागलेला.

"लवकर या हो! हे पडलेत, बोलत नाहीत! टेकडी रस्ता... श्वास कसातरीच चाललाय, लवकर या!"

संचालकांची बोटं अडखळली. 'टेक' एवढं टाकताच रस्त्याचं नाव भरलं गेलं. त्यांनी घाईने बटण दाबलं. फोन तुटला.

काका दारात उभा होता.

"कुठे पाठवलीत गाडी?"

"टेकडी रस्ता."

"कुठला?"

संचालक पडद्याकडे बघत राहिले. "दोन आहेत हे घाईत कुणाच्या लक्षात येणार?"

"मला माहीत होतं, साहेब," ताई म्हणाली. "विचारायला जागा ठेवली नव्हती."

"फोन लांबतात म्हणून ते काढा, असं आपणच म्हणाला होतात," काका म्हणाला. मग त्याने मॅनेजरकडे वळून पाहिलं. "मॅनेजरसाहेब होते तेव्हा."

मॅनेजर भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते.

ताई भांडारात गेली नाही. खूण विचारल्याशिवाय आता गाडी सुटेना. या दुरुस्तीला वरून 'तांत्रिक सुधारणा' असं गोंडस नाव मिळालं. ताईची माफी कुणी मागितली नाही. त्या मुक्या झालेल्या माणसाच्या बायकोकडे तर कुणी फिरकलंही नाही. आणि महिना संपला तसं काकाचं कंत्राट वाढवलं गेलं नाही.

नंतर एका दुपारी मॅनेजर ताईच्या टेबलापाशी आले.

"अ‍ॅनालिस्टची जागा रिकामी आहे. तुम्हाला आवड आहे म्हणे. शिकायचा खर्च कार्यालय करेल. कक्षातले सगळे खाचखळगे तुम्हाला ठाऊक आहेतच."

ताईचं मन टुणकन उडी मारून उठलं, आणि तिला स्वतःच्या मनाचाच राग आला.

"फक्त बैठकीत जरा..." मॅनेजर घुटमळले.

"जरा काय?"

"म्हणजे... जरा समजून घ्यायचं."

"समजून घेता घेता एका माणसाची वाचा गेली," ताई म्हणाली. "जागा मला हवी आहे. खूप हवी आहे. पण बैठकीत मी काय काय बोलणार ते आत्ताच ऐकून घ्या. नंतर माझ्यामुळे तुम्हाला मनस्ताप नको."

तिने शेजारची खुर्ची ओढून पुढे केली. मॅनेजरांनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग बसले.