जोडाच्या खालचं

आंबा भावाच्या अंगणात होता, पण जीव अडकला होता ताईचा. तिचा जन्म रोपवाटिकेत कलमं बांधण्यात गेला. माहेरचं घर विकलं आणि आईचं जुनं आंब्याचं झाड तोडलं गेलं. त्याआधी हिनेच त्याची काडी आणून रानटी रोपावर बांधली होती. आईचा आंबा जगात तेवढाच उरला. ताईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत झाड कुठे लावणार? म्हणून भावाकडे.

तिकडे थंडी अशी की गवतावरचं दव गोठायचं. दर हिवाळ्याआधी ताई जाऊन खोडाभोवती मातीचा ढीग लावायची, कलमाचा जोड पार बुडेपर्यंत. "वरचं सगळं करपू दे. जोडाच्या वरचं वीतभर खोड मातीत उबेला राहिलं, की आंबा पुन्हा फुटतो," हे तिने भावाला शंभरदा सांगितलं होतं. तो "हो गं बाई" म्हणायचा. पालथ्या घड्यावर पाणी!

यंदा कडाका पडणार म्हटल्यावर त्याला एकाएकी झाडाचा पुळका आला. घरातल्या रजया काढल्या, झाडाला डोक्यावरून पांघरल्या आणि खाली खोडाशी दोरीने करकचून आवळल्या. दोरी बांधायला ढीग आड येत होता, तो उपसून गुलाबाच्या कुंड्यांत भरला. अरे, पांघरूण जमिनीपर्यंत सोडायचं असतं, जमिनीची ऊब आत कोंडायची असते, एवढं तरी विचारायचं! पण विचारेल तर तो भाऊ कसला? उलट ऐटीत फोटो पाठवला, "बघ, कसं गुंडाळलंय बाळाला!" ताईने तो पाहिला सकाळी, दव गोठून गेल्यावर.

"ढीग कुठाय रे?" तिने फोनवर विचारलं.

"काढला. दोरी बांधायला आड येत होता."

पानं काळी पडली, फांद्या वाळल्या. उन्हाळा लागला तसा भावाचा फोन आला, "ताई, फुटला गं! उगाच रडत होतीस!"

ती धावत गेली. बुंध्याशी खरंच लालसर पालवी होती. ताई खाली बसली. जोडाच्या वर नखाने साल खरवडली, तर आत कोरडं, तपकिरी. जोडापर्यंत तेच. पालवी सगळी जोडाच्या खालची.

"हा आईचा नाही," ती म्हणाली. "खालचं रानटी फुटलंय. आईचा मेला."

"आंबा तो आंबा! त्यात काय एवढं?"

"आईच्या आंब्याची चव तरी आठवते तुला?"

"न आठवायला काय झालं? नुसती साखर! अगदी देठापर्यंत."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देठाकडचा आंबट तुकडा आई आधीच कापून तिच्या हातावर ठेवायची, वर कोय चोखायला. फोडी सगळ्या ह्याला. "तो लहान आहे, तू समजून घे." ताईने समजून घेतलं, आणि झाडही तिनेच जगवलं.

"देठाशी चांगला आंबट होता," ती म्हणाली. "तुझ्या ताटात तो तुकडा कधी आलाच नाही."

"काहीतरीच तुझं," म्हणत भावाने नळी ओढली आणि पालवीला पाणी घालायला लागला.