आप्पांचा हात

या, जरा पुढं सरकून बसा. सतरंजी मोठी आहे, कडेला कशाला बसता? कीर्तनात उत्तररंगाला आख्यान लावतात, तशी एक हकिकत सांगतो. देवादिकांची नाही, आमच्या नेकनूरच्या शंकरप्पांची.

शंकरप्पा म्हणजे बीडच्या तारऑफिसातून निवृत्त झालेले तारबाबू. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. पत्नी जगदेवीकाकू वारल्या, मुलगा संगमेश पुण्याला. घरात उरले आप्पा आणि त्यांचा हौशी रेडिओ. गाणी ऐकायचा नव्हे. सरकारी परवाना काढून माणसानं माणसाशी बोलायचा. आप्पा त्यावर बोलत ते तोंडानं नाही, तारेच्या खटक्यानं, टिंबं-रेघांच्या भाषेत. कड कट्ट, कड कट्ट. रोज सकाळी सातला तिकडं केरळात माधवन मास्तर बसत, इकडं आप्पा. बावीस वर्षं हे चाललं, पण एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही.

सत्त्याण्णव साली आप्पांना कंपवात जडला. बटण फिरवावं तर रेडिओचा आकडा मास्तर भेटत त्या जागेवरून निसटे. खटका दाबावा तर एका टिंबाची चार टिंबं होत. आवाजही घशातच राही. मास्तर रोज हाक मारत, आप्पा ऐकत, आणि उत्तर देता येत नाही म्हणून रेडिओकडं पाठ करून बसत. तीन महिने असे गेले.

संगमेशनं ऑफिसातला जुना कॉम्प्युटर पाठवला. त्यावर आकडा टाकला की रेडिओ त्या जागेवर जाणार, अक्षरं टाइप केली की त्याची टिंबं-रेघा होऊन हवेत जाणार. मधली केबल तेवढी करायची होती. मी आमच्या सप्त्याचा भोंगेवाला अशफाक याला घेऊन गेलो. रेडिओच्या पुस्तकातली आकृती बघून तो म्हणाला, "आप्पा, कॉम्प्युटर वरच्या पट्टीत बोलतो अन् रेडिओ खालच्या. मधे ही बारकी चिप बसवायची, पट्टी उतरवायला. बस्स."

केबल झाली, जोडली. आप्पांनी एका बोटानं आकडा टाकला. रेडिओ ढिम्म. अशफाकनं बोलायची आणि ऐकायची वायर आलटून-पालटून पाहिली. अक्षरं पाठवायचा वेग बदलून पाहिला. मीटर लावून दोन्ही वायरी तपासल्या, दोन्ही धड. मधेच एकदा रेडिओ आपला आपण भलत्याच आकड्यावर उडाला.

"तुज्यासारखाच हाय बे," आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बोलावलं की येत न्हाई, न बोलावता हजर."

अशफाक हसला. आप्पा हसले नाहीत. त्याच दिवशी रेडिओवर मास्तरांचा निरोप आला होता : रविवारी सकाळी शेवटचं. मग सेट उतरवून मुलीकडं दुबईला जाणार.

"चिट्ठी टाकू का?" मी विचारलं.

"चिट्ठीनं जिता हाय एवढं कळंल. त्याच्याशी बोलणं हुईल का?"

शनिवारी दुपारी नारायणगडावर कीर्तनाची तयारी चालली होती. अशफाक माइकची नवी वायर जोडत होता. आतल्या वायरीवर तांब्याची जाळी असते, ती त्यानं एका टोकाला जोडली आणि दुसऱ्या टोकाला कापून टाकली.

"हे कावून कापलं रे?"

"दोन्हीकडं जोडलं की भोंगा गुणगुणतो, काका. आमच्या अब्बापासून असंच..." आणि त्याचा हात थांबला. "या अल्ला. आप्पाची बी अशीच कापली मी."

माइकला जे बरोबर, तेच इथं चुकलं होतं. त्या केबलीत जाळी हीच दोघांमधली सामाईक जमीन, परतीची तार. ती तुटलेली, मग बोलणाऱ्याचं ऐकणाऱ्याला कळणार कसं? पण माइक सोडून अशफाकला निघता येईना, आणि कीर्तन संपेस्तोवर शेवटची गाडी निघून जाणार होती. बुवा रंगात आले होते. मी टाळ धरून उभा, पण खरं सांगतो, त्या दिवशी माझं चित्त कीर्तनात नव्हतं.

रविवारी पहाटेच्या टेम्पोनं नेकनूर गाठलं. पावणेसातला अशफाकनं जाळीला कथिलाचा डाग दिला. आप्पांनी आकडा टाकला आणि रेडिओ शहाण्या बैलासारखा जागेवर जाऊन उभा राहिला.

सातला मास्तरांची हाक आली. आप्पांनी टाइप केलं, 'मी शंकरप्पा. आजारी होतो.' रेडिओतून एकसारखी, घोटीव टिंबं गेली. मग उत्तर आलं, ते आप्पांनी आम्हाला वाचून दाखवलं.

"म्हणतो, तुम्ही कोण? हा शंकरप्पांचा हात न्हाई."

तारेवाले एकमेकांना हातावरून ओळखतात, जसे आपण बुवांना पहिल्या आलापावरून ओळखतो. यंत्राचा हात सगळ्यांचा सारखाच.

आप्पांनी कळफलक बाजूला सारला आणि जुना खटका ओढला. ज्याची तीन महिने लाज वाटत होती, तोच थरथरता हात त्यावर ठेवला. आता बटणाला हात लावायचा नव्हता, केबलीनं रेडिओ मास्तरांच्या जागेवर धरून ठेवला होता. टिंबं फुटली, रेघा तुटल्या. पण रेघ ओढताना शेवटाला थोडं रेंगाळायची त्यांची लकब तेवढी शाबूत होती.

तिकडून लगेच खटका वाजला.

"काय म्हणतो?" अशफाकनं विचारलं.

"म्हणतो, आता ओळखलं. हात लई कापतो का?"

अकरा मिनिटं ते बोलले. काय ते आम्ही विचारलं नाही. मग मास्तरांनी सेट बंद केला.

त्यानंतर वर्षभर आप्पा रोज त्याच आकड्यावर बसले. केबल कधी रुसली नाही. पलीकडं नुसती खरखर असे. पुढच्या चैत्रात आप्पा गेले. मास्तरांना ते कुणी कळवायचं? दुबईचा पत्ता आमच्यापैकी कुणाकडंच नव्हता.

म्हणून एक मागणं आहे. इथून उठताना देवाला हात जोडाल, तेव्हा माधवन मास्तरांची आठवण करा. कुठं असतील, असतील की नाही, ठाऊक नाही.